बदकं, कोंबड्या आणि पाचवी ‘ब’

गेल्या वर्षी डिसेंबरात अमरावतीतल्या आमच्या शाळेत पाचवीच्या फळ्यावर मी एक गणित घातलं. कोंबडीचं अंडं उबायला २१ दिवस लागतात, बदकाचं २८. दोघांची पिल्लं एकाच दिवशी बाहेर यायला हवीत, तर अंडी कधी ठेवायची?

“बदकाची सात दिवस आधी!” सगळा वर्ग ओरडला. या गणिताचं उत्तर महिन्याभरानं चिवचिवत बाहेर येणार होतं.

एरवी हे काम खुडूक कोंबडीचं. आमची आजी टोपलीत भुसा घालून तिला बसवायची आणि कधी बदकाची अंडी मिळाली, तर तीही तिच्याच पोटाखाली सरकवायची. वर्गात कोंबडी कुठून बसवणार? अकोल्याचा माझा मामेभाऊ तिथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेला. त्यानं उबवणीचं लहानसं यंत्र दिलं आणि बदकाची अंडीही मिळवून दिली. मूर्तिजापूरमार्गे एस.टी.नं येताना अंड्यांचा डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. कोंबडीची अंडी जवळच्या खेड्यातून आणली. दुकानातली चालत नाहीत, कारण त्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो.

यंत्रात ३७.५ अंश उष्णता लागते. “उन्हाळ्यात का नाही करायचं?” असं मी विचारलं, तेव्हा भाऊ हसला. “ताई, मे महिन्यात आमच्या अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो. अंडी उबायच्या ऐवजी शिजतील!”

मुलांनी अंड्यांवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि पाळ्या लावून ती फिरवली. आठवड्यानं अंधारात बॅटरीसमोर धरली, तर आत लाल शिरांचं जाळं दिसलं. त्या दिवशी वर्गात कोणाला गप्प बसा म्हणावं लागलं नाही.

जानेवारीत पिल्लं निघाली. मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा सारखा खोक्यापाशी बसायचा. बदकाची पिल्लं त्याच्याच मागे रांगेनं चालू लागली. जन्मल्यावर जे हलताना दिसेल त्याला ही पिल्लं आई मानतात. ऑस्ट्रियाच्या कॉनराड लॉरेंझ यांच्यामागे हंसाची पिल्लं अशीच फिरत. प्राण्यांच्या वागणुकीवरच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं, हे मी वर्गाला सांगितलं. मुलगा लाजला, पण दुसऱ्या दिवसापासून शाळेत सगळ्यांच्या आधी येऊ लागला.

चौथ्या दिवशी सकाळी कोंबडीचं एक पिल्लू मेलेलं आढळलं. बदकांनी पाण्यात खेळून खोका ओलाचिंब केला होता. ओल्या पिसांनी ते रात्रभर गारठलं. पाणी भरलं होतं त्याच मुलानं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “माह्यामुळं मेलं थे.”

मग मला वर्गासमोर सांगावं लागलं, की भांडं काठोकाठ भरायला मीच सांगितलं होतं. बदकांना नाकपुड्या धुण्यापुरतं खोल पाणी लागतं, हे मी वाचलं होतं. तेच पाणी शेजारच्या पिल्लाला मारू शकतं, हा विचार मात्र मी केला नव्हता. बाईंचं चुकतं, हे मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनीच खोक्यात जाळी लावली. बल्बची ऊब दोघांना एकच ठेवली, पाणी वेगळं केलं. कोंबडीच्या पिल्लांच्या वाटीत गोटे टाकले, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजणार नाही.

त्यानंतर एकही पिल्लू दगावलं नाही.

मार्चात कोंबड्या खेड्यात गेल्या. बदकं अकोल्याजवळच्या एका शेततळ्यावर निघाली. टोपली गाडीत ठेवताना त्या मुलानं विचारलं, “मॅडम, थे मले ओयखतीन का?”

मला ठाऊक नव्हतं. तसंच सांगितलं. तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला. म्हणाला, “सुट्टीत जाऊन पायतो.”