संकल्पनाचे शिक्षण आणि शिष्यवृत्तीचा हिशेब

एखादी वस्तू, वस्त्र, अक्षर किंवा सेवा प्रत्यक्षात येण्यापूर्वी तिचे रूप, उपयोग, साहित्य आणि खर्च यांचा एकत्रित विचार करून आराखडा सिद्ध करण्याच्या विद्येला डिझाइन किंवा संकल्पन म्हणतात. ही विद्या ग्रंथांपेक्षा हातांनी अधिक शिकली जाते. त्यामुळे कागद, रंग, कापड, लाकूड, संगणक आणि पुनःपुन्हा करून पाहावयाच्या प्रतिकृती यांचा खर्च शिक्षणशुल्काच्या बाहेर सतत चालू राहतो, आणि या क्षेत्रातील शिष्यवृत्तीचे मोल केवळ माफ झालेल्या शुल्कावरून ठरवता येत नाही. पश्चिम व दक्षिण भारतातील कलाशिक्षणाचा इतिहास याची साक्ष देतो.

या इतिहासाचा आरंभ एका देणगीने झाला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या नावाने ओळखल्या गेलेल्या शाळेत चित्रकलेबरोबरच कोरीवकाम, मातीकाम, धातुकाम यांसारख्या कारागिरीच्या विषयांनाही स्थान मिळाले. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे अध्यापक येथे आल्यानंतर शाळेचा शहराच्या बांधकामांशी संबंध वाढत गेला, आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, कोरीव सजावटीत येथील विद्यार्थ्यांच्या हातांचा वाटा होता. शिकत असतानाच खऱ्या इमारतीवर खरे काम करावयास मिळणे, हे कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोठे साहाय्य होते.

बडोद्यात हाच विचार संस्थानी आश्रयाने पुढे गेला. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली रंगकाम, विणकाम, यंत्रकाम व चित्रकला हे विषय शिकवले जात. येथे शिकलेल्या दादासाहेब फाळके यांची छायाचित्रणातील गोडी ओळखून गज्जर यांनी त्यांना संस्थेची छायाचित्रणशाळा आणि ग्रंथालय वापरण्याची मुभा दिली. रोख रक्कम नसलेल्या या साहाय्याला शिष्यवृत्ती असे नाव नव्हते. परंतु एका तरुणाला परवडणार नाहीत अशी उपकरणे त्याच्या हाती देणे हाच शिष्यवृत्तीचा खरा अर्थ होय. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पुढे १९१३ मध्ये प्रदर्शित झाला.

म्हैसूर संस्थानाने तिसरा मार्ग धरला, तो विद्यार्थ्याला गुरूकडे धाडण्याचा. दरबारी चित्रकारांच्या घराण्यातील के. वेंकटप्पा यांना चौथे कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने १९०९ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत जाता आले आणि तेथे त्यांना अवनींद्रनाथ टागोरांचे मार्गदर्शन लाभले. त्यांच्या नावाचे कलादालन आज बेंगळुरूच्या कस्तुरबा रस्त्यावर, शिवाजीनगरापासून फार दूर नाही अशा ठिकाणी आहे. शिवाजीनगर हा पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाणारा छावणीचा भाग; रसेल मार्केट आणि जवळचा कमर्शियल स्ट्रीट यांमुळे तेथे कापड, शिवणकाम व किरकोळ व्यापार यांची वस्ती दाट आहे. कापडाचा पोत आणि गिऱ्हाइकाची नजर ओळखणे हे ज्ञान अशा वस्तीत दुकानाच्या फळीवरच मिळते. मात्र संकल्पनाच्या संस्थांतील प्रवेशपरीक्षेसाठी लागणारे रेखाटनाचे व्यवस्थित शिक्षण बहुधा पैसे मोजूनच घ्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर हे दायित्व मुख्यतः शासनाकडे आले. चार्ल्स व रे इम्स या अमेरिकी संकल्पक दांपत्याच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, जिचे एक केंद्र आता बेंगळुरूतही आहे. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक संकल्पनाचे केंद्र निघाले, ज्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा पुढाकार होता. अशा शिक्षणासाठी आज मिळणारे साहाय्य तीन प्रकारांत मांडता येते. पहिला प्रकार शुल्कमाफीचा. दुसरा विद्यावेतनाचा, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याने अध्यापनात मदत करावी आणि त्याबद्दल त्याला दरमहा ठरावीक रक्कम मिळावी. तिसरा कर्जरूप शिष्यवृत्तीचा, ज्याचे जुने उदाहरण १८९२ मध्ये स्थापन झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही निधिसंस्था होय. परदेशी शिक्षणासाठी तिने दिलेली रक्कम विद्यार्थी नोकरी लागल्यावर हप्त्यांनी परत करतो आणि तीच पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येते.

या तिन्हींपेक्षा व्यापक रचना केंद्र शासनाच्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्तीची आहे. अधिसूचित संस्थांतील शुल्काबरोबरच निवास, पुस्तके व संगणक यांसाठी तीत पहिल्या वर्षी ८६,००० आणि पुढील प्रत्येक वर्षी ४१,००० रुपयांचा शैक्षणिक भत्ता धरलेला आहे. म्हणजे शुल्काबाहेरचा खर्चही शिक्षणाचाच खर्च आहे, हे शासनाने येथे मान्य केले आहे. तरीही ही योजना प्रवेश मिळाल्यानंतरच लागू होते. प्रवेशापूर्वीचे वर्ष, ज्यात चित्रांचा संग्रह तयार करावा लागतो आणि रेखाटनाचा हात बसावा लागतो, ते तिच्या कक्षेबाहेर राहते, आणि गरीब घरातील मुले बहुधा याच टप्प्यावर मागे पडतात.

ही उणीव भरून काढण्यास मोठा निधी लागत नाही. बेंगळुरूतील असोत वा महाराष्ट्रातील, मराठी मंडळांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि व्यावसायिक संकल्पकांनी गुणवंतांच्या सत्कारावर होणाऱ्या खर्चातील काही भाग अकरावी-बारावीतील मुलांच्या रेखाटनवर्गासाठी, साहित्यासाठी आणि कार्यशाळेतील एखाद्या मोकळ्या मेजासाठी राखून ठेवावा. गज्जर यांनी फाळक्यांना छायाचित्रणशाळा मोकळी करून दिली, तेव्हा त्यासाठी कोणताही नवा निधी उभारावा लागला नव्हता.