वर्गात शिकवलेला इतिहास, गल्लीत टिकलेली शांतता

17 मार्च 2025 रोजी नागपुरात महाल भागात दंगल उसळली. वादाचा विषय होता खुलताबादची औरंगजेबाची कबर. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या बादशहामुळे आजच्या शहराला संचारबंदी सोसावी लागली. अशा वेळी इतिहासाच्या शिक्षकाचे काम पोलिसांइतकेच मोलाचे ठरते. फक्त ते दंगलीच्या कितीतरी आधी सुरू व्हावे लागते.

त्यासाठी उदाहरणे शोधायला लांब जायला नको. नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि पुढे त्याच बादशहाविरुद्ध बंडही केले. मग इथे भोसल्यांचे राज्य आले. शहरातल्या गांधीसागर तलावाला जुनी माणसे शुक्रवारी तलाव म्हणतात, कुणी जुम्मा तलाव. पाणी एकच, नावे तीन!

शिक्षकाने मुलांना तलावाकाठी न्यावे आणि विचारावे : हे नाव कोणी दिले? आपल्याला हे कशावरून कळते? दुसरी बाजू काय सांगते? पुरावा मागायची सवय लागलेले मूल मोबाइलवर आलेला भडक संदेश पुढे पाठवण्याआधी थबकते.

एकमेकांशी अनेक युद्धे लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने 2006 मध्ये इतिहासाचे सामाईक पाठ्यपुस्तक काढले. आपल्याला तर एकाच शहरातल्या शेजाऱ्यांची गोष्ट एकत्र वाचायची आहे. पालकांनो, मुलांना इतिहासात गुण किती मिळाले हे जरूर विचारा. पण त्यांनी प्रश्न कोणता विचारला, हे आधी विचारा.