मॉड्यूलचा सातबारा आणि त्यातला फेरफार

खेडोपाडी आता केसासारखी बारीक काचेची तार येऊन पोचली आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. सरकारी तारेच्या जोडीला, पूर्वी टीव्हीची केबल पुरवणारी पोरेही गावोगाव फायबर ओढू लागली. ही पोरे कोणाची? तुमची-आमचीच. कोरडवाहूच्या दोन एकरांत भागत नाही म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढून धंद्यात पडलेली. पीक पाहणीची नोंद, विम्याचा अर्ज, बाजारभाव हे सारे या तारेवर अवलंबून. तेव्हा शेतीच्या साप्ताहिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणू नये.

तारेतून वीज जात नाही, प्रकाश जातो. विजेच्या खुणांचा प्रकाश करणारे आणि आलेल्या प्रकाशाच्या पुन्हा विजेच्या खुणा करणारे एक लहानसे यंत्र तारेच्या दोन्ही टोकांना बसवलेले असते. त्याला मॉड्यूल म्हणतात. सर्वांत जास्त चालणारा प्रकार एसएफपी. बोटभर लांब, पत्र्याच्या डबीसारखे, मागच्या अंगाला वीस संपर्क, पुढे तार खोचायची भोके. स्विच नावाच्या पेटीत ते नुसते सरकवायचे. कोणत्याही कंपनीचे मॉड्यूल कोणत्याही पेटीत बसावे म्हणून अनेक कंपन्यांनी २००० साली आपसांत करार केला आणि माप ठरवले.

माप एक झाले, पण मन एक झाले नाही. बऱ्याच कंपन्यांचे स्विच मॉड्यूल आत गेल्याबरोबर त्याचे नावगाव विचारतात आणि आपल्या घराण्यातले नसेल तर दार लावून घेतात. बनावट कमी, पण नावाचे मॉड्यूल घ्यायचे तर किंमत कित्येक पट. कंपन्या म्हणतात, परक्या मालाची जबाबदारी आम्ही का घ्यावी? त्यात थोडे तथ्य आहे. पण पैशाचा भाग त्याहून मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांबाबत आपण हेच अनुभवतो.

स्विचला नावगाव कळते कसे? मॉड्यूलच्या पोटात एक चिमुकली स्मरणचकती असते. तिच्यात २५६ घरे. पहिले घर शून्य क्रमांकाचे. २० ते ३५ या सोळा घरांत बनवणाऱ्याचे नाव, ४० ते ५५ मध्ये मालाचा नमुना क्रमांक, ६० आणि ६१ मध्ये प्रकाशाची लहर, ६८ ते ८३ मध्ये अनुक्रमांक, ८४ ते ९१ मध्ये तयार झाल्याची तारीख. हा त्या मॉड्यूलचा सातबारा समजा. आणि मॉड्यूल बदलण्याची जी हत्यारे बाजारात आहेत, ती बहुतेक या सातबाऱ्यावर फेरफार घालण्याची हत्यारे आहेत.

वाचायला फारसे काही लागत नाही. स्विच किंवा संगणक लिनक्सवर चालत असेल तर ईथटूल नावाचा फुकट प्रोग्राम मॉड्यूलचा उतारा पडद्यावर काढून देतो. लिहायचे असेल तर दोन वाटा. एक म्हणजे तयार पेटी. फ्लेक्सऑप्टिक्सचा फ्लेक्सबॉक्स किंवा एफएस कंपनीची एफएस बॉक्स घ्यावी, मॉड्यूल खोचावे, पडद्यावर स्विचची कंपनी निवडावी, झाले. मात्र या पेट्या त्या-त्या कंपनीने विकलेल्या मॉड्यूलपुरत्याच चालतात. दुसरी वाट घरगुती. २०१२ पासून मिळणारा रास्पबेरी पाय हा पत्त्याएवढा संगणक आणि एसएफपी बसण्याची एक पट्टी. मॉड्यूलच्या ४ आणि ५ क्रमांकाच्या संपर्कांवरून ही लिखापढी होते. ते पायच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या खिळ्यांना अनुक्रमे जोडावेत, ३.३ व्होल्टचा पुरवठा आणि जमीन द्यावी, आणि आयटूसी-टूल्स या फुकट संचाने घरे वाचावीत, लिहावीत. सीएच३४१ए नावाचा स्वस्त प्रोग्रामरही पोरे वापरतात. त्याच्या काही काळ्या पट्ट्यांवर पुरवठा ३.३ व्होल्ट पण खुणांच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. मॉड्यूल ३.३ व्होल्टचे आहे. मीटर लावून पाहिल्याशिवाय जोडू नये.

आता फेरफार घालण्याची रीत. पहिले काम, सगळ्या २५६ घरांची नक्कल संगणकात जपून ठेवणे. जुना उतारा हाती नसताना नवी नोंद घालणाऱ्याचे काय होते हे तलाठ्याच्या दारी उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग नाव आणि नमुना बदलावा. पण एवढ्याने भागत नाही, कारण ६३ व्या घरात ताळा आहे. शून्य ते ६२ या घरांतील आकड्यांची बेरीज करून तिला २५६ ने भागावे, बाकी उरेल ती तिथे हवी. समजा बेरीज ३००० आली, तर २५६ अकरा वेळा जाऊन १८४ उरतात. ६३ व्या घरात १८४ नसेल तर कागद खोटा ठरतो. असाच दुसरा ताळा ९५ व्या घरात, ६४ ते ९४ साठी. शिवाय काही कंपन्या ९६ ते १२७ या घरांत आपली गुप्त खूण घालतात, ती जुळवणे अवघड.

बरीच मॉड्यूले तर लिहूच देत नाहीत. स्मरणाचे दुसरे पान असते, त्यातल्या १२३ ते १२६ या चार घरांत परवलीचा शब्द घातल्यावरच कुलूप उघडते. चार घरांत बसणारे शब्द ४२९ कोटींवर जातात, तेव्हा अंदाजाने ठोकत बसण्यात अर्थ नाही. विक्रेत्याला विकत घेतानाच विचारावे. चांगला विक्रेता शब्द सांगतो, किंवा हव्या त्या स्विचसाठी लिहूनच देतो. खरे म्हणजे हाच सर्वांत स्वस्त उपाय.

गेल्या खरिपात आमच्या भागातील एका गावी हे सारे जवळून पाहायला मिळाले. विजेच्या लपंडावात मॉड्यूल गेले. विम्याच्या अर्जाला तीन दिवस उरलेले, आणि तीन गावांची सेवा केंद्रे त्या एका तारेवर. पोराने तालुक्याहून दुसऱ्या बनावटीचे मॉड्यूल आणले, तर स्विच त्याला घेईना. "साहेब, माल चांगला आहे, पण ओळख देत नाही," तो मला म्हणाला. त्याची आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "सून परगावची असली म्हणून सासूने दारातच अडवायची का?" कोणाकडून तरी रास्पबेरी पाय आला, विक्रेत्याकडून फोनवर परवलीचा शब्द मिळाला. पहिल्या खेपेला ताळा चुकला, दुसऱ्या खेपेला दिवा हिरवा झाला. रात्री अकरापर्यंत लोक अर्ज भरत होते.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. सातबारा बदलला म्हणून जमीन बागायत होत नाही. घरात काहीही लिहा, आतला लेसर आहे तोच राहतो. १३१० नॅनोमीटरचा १५५० होत नाही, १० किलोमीटरचा ४० होत नाही. मुद्दाम ४० लिहून १० चा माल गळ्यात मारणारे व्यापारी आहेत. बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी चिकटवली म्हणजे दाणा प्रमाणित होतो का? १३१० च्या प्रकाशाची तारेत किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल घट होते. ३० किलोमीटरला साडेदहा, वर जोडांची वेगळी. १० किलोमीटरच्या मॉड्यूलची हमीची ताकद तेवढ्यातच संपते. मग तार कधी चालते, कधी बंद पडते, आणि पोरगा खांबाखांबांवर दोष शोधत फिरतो. उलट ८० किलोमीटरचे मॉड्यूल जवळच्या घराला जोडले तर समोरच्याचा डोळा भाजून निघतो. मध्ये प्रकाश कमी करणारा खुंट हवा.

म्हणून कागदापेक्षा मोजणीवर विश्वास ठेवावा. वर सांगितलेल्या दुसऱ्या पानावर मॉड्यूल स्वतःची प्रकृती सांगते. ९६ ते १०५ या घरांत उष्णता, व्होल्ट, लेसरचा प्रवाह, सोडलेला प्रकाश, आलेला प्रकाश. व्होल्टचा आकडा ३३००० दिसला तर तो ३.३ व्होल्ट समजावा. प्रकाशाची खात्री मात्र पॉवर मीटरनेच करावी. मायबहिणींना एक विनंती, घरात ही मॉड्यूले पडलेली असतील तर लेकरांना तोंडात डोळा घालून पाहू देऊ नका. हा प्रकाश दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही १३१० दिसत नाही. दिसत नाही म्हणून बंद आहे असे धरणे धोक्याचे.

आणखी एक जात आहे, जीपॉनचे मॉड्यूल. तो एक छोटा संगणकच असतो आणि सेवा देणारी कंपनी त्याच्या अनुक्रमांकावरून ग्राहक ओळखते. तो क्रमांक बदलून दुसऱ्याच्या नावावर इंटरनेट ओढणे म्हणजे शेजाऱ्याच्या पाटाला दारे फोडणे. कंपनीच्या परवानगीशिवाय त्याला हात लावू नये. ग्रामपंचायतीतली भारतनेटची पेटी तर सरकारी मालमत्ता, तिच्याकडे फिरकूसुद्धा नये. आपण विकत घेतलेले मॉड्यूल आपल्याच स्विचला चालावे म्हणून लिहिणे वेगळे. तेच दुसऱ्याला विकताना बदल केल्याचे सांगावे आणि मूळ नक्कल सोबत द्यावी.

ज्यांच्या घरात हा धंदा आहे त्यांनी मृगापूर्वी एवढे करावे. वापरातल्या प्रत्येक मॉड्यूलची नक्कल काढून ठेवावी, आलेल्या प्रकाशाचा आकडा वहीत तारखेनिशी लिहावा, आणि स्विचला चालते याची खात्री करून घेतलेली एक जादा जोडी डब्यात ठेवावी. एकाच तारेवर चालणारी मॉड्यूले जोडीनेच घ्यावी लागतात. एक १३१० वर बोलते आणि १५५० वर ऐकते, दुसरे नेमके उलट. दोन्ही एकसारखी आणली तर दोघेही बोलतात, ऐकत कोणीच नाही.