श्रवणयंत्राला उशीर, भाषेला फटका

कर्णबधिर बालकाला श्रवणयंत्र लवकर बसवल्याने नेमका किती फायदा होतो, हे प्रयोगाने ठरवणे अवघड असते. त्यासाठी काही बालकांना मुद्दाम ताटकळत ठेवणे कोणत्याही नीतीत बसत नाही. ऑस्ट्रेलियात ही अडचण परिस्थितीनेच दूर केली. तेथील राज्यांनी नवजात अर्भकांची श्रवणचाचणी एकाच वेळी सुरू केली नव्हती. त्यामुळे २००२ ते २००७ या काळात जन्मलेल्या काही बालकांमधील दोष लगेच उघड झाला, तर काहींचा बराच उशिरा. निदानानंतरची सरकारी श्रवणसेवा मात्र देशभर सारखीच होती.

सिडनीच्या 'नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीज'ने तीन राज्यांतील साडेचारशेहून अधिक मुलांचा पाठपुरावा केला. पाचव्या वर्षीच्या त्यांच्या भाषेविषयीचे निष्कर्ष टेरेसा चिंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात मांडले. यंत्र तिसऱ्या महिन्याऐवजी चोविसाव्या महिन्यात मिळाले, तर भाषा मागे पडते. दोष जितका तीव्र, तितके हे नुकसान मोठे.

अतितीव्र दोषात आवाज मोठा करणारे यंत्र पुरेसे ठरत नाही. तेथे कॉक्लियर इम्प्लांट अंतर्कर्णातील इलेक्ट्रोडद्वारे श्रवणचेतेला थेट विद्युतसंदेश देते. तेही सहाव्या महिन्याच्या सुमारास बसवलेल्या मुलांची भाषा दोन वर्षांपर्यंत थांबलेल्यांपेक्षा सरस आढळली. यंत्राच्या किमतीची चर्चा घरोघर होते, महिन्यांचा हिशेब क्वचितच होतो. अर्थात सारे श्रेय यंत्राचे नाही. आईचे शिक्षण आणि मुलाला अन्य अपंगत्व आहे की नाही, यांचाही परिणाम याच अभ्यासात दिसला.