दादाभाई नौरोजी मार्ग : ऐतिहासिक वास्तू आणि त्यांना जोडणारी कमानींची ओसरी

प्रस्तावना :

ऐतिहासिक वास्तू म्हटले की एखादे मंदिर, किल्ला किंवा राजवाडा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीचे वर्णन करतानाही चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर आणि जुन्या मंदिरांचे घडीव दगड ज्याच्या बांधकामात दिसतात तो किल्ला, अशी दोन स्वतंत्र स्थळे सांगितली जातात. परंतु एखादा संपूर्ण रस्ता हाच वारसा असू शकतो, ही कल्पना आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात मुंबईतील दादाभाई नौरोजी मार्गाच्या आधारे ती स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

रस्त्याची जडणघडण :

इंग्रजांची मुंबई प्रारंभी तटबंदीच्या आत वसलेली होती. सर बार्टल फ्रिअर हे गव्हर्नर असताना (१८६२-६७) ही तटबंदी पाडण्यात आली आणि शहराच्या विस्तारास वाट मोकळी झाली. इ. स. १७७१ ते १७८४ या काळातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या नावाने ओळखला जाणारा हॉर्नबी रोड याच काळात रुंद झाला. पुढे त्यास दादाभाई नौरोजी यांचे नाव देण्यात आले. क्रॉफर्ड मार्केटपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत जाणारा हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वास्तुकलेचे जणू संग्रहालयच आहे.

रस्त्याच्या उत्तर टोकाला विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेले क्रॉफर्ड मार्केट (१८६९), म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. पुढे सर ज. जी. कला महाविद्यालय आणि अंजुमन-ए-इस्लामची शाळा (१८९३) लागते. त्यानंतर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या दोन कृती समोरासमोर येतात : १८७८ मध्ये काम सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झालेले रेल्वे स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि महानगरपालिकेची इमारत (१८९३). दक्षिणेकडे वाच्छा अग्यारी (१८८१) आणि जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट (१८९८) या पारशी समाजाच्या वास्तू आहेत. गॉथिक, इंडो-सारसेनिक, प्राचीन इराणी अशा भिन्न शैली येथे शेजारी शेजारी नांदतात.

ऐक्याचे सूत्र :

एवढी विविधता असूनही हा रस्ता विस्कळीत का वाटत नाही? याचे उत्तर १८९६ च्या एका शासकीय नियमात आहे. या रस्त्यावरील इमारतींना तळमजल्यावर कमानींचा छतयुक्त पदपथ ठेवणे त्या नियमाने बंधनकारक झाले. वरचे मजले मालकाच्या रुचीप्रमाणे, तळमजला मात्र पादचाऱ्यासाठी, अशी ही विभागणी होती. आपल्या वाड्याच्या ओसरीप्रमाणे ही जागा घराचीही असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचीही.

या संदर्भात लंडनच्या रीजंट स्ट्रीटचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथे जॉन नॅश यांनी क्वाड्रंट या वळणदार भागात स्तंभांची ओळ उभारली होती. दुकानांत अंधार पडतो, आडोशाला नको ते लोक जमतात, अशा तक्रारींमुळे १८४८ मध्ये ती काढून टाकण्यात आली. लंडनमध्ये जी सावली अडचणीची ठरली, तीच मुंबईच्या उन्हात आणि चार महिन्यांच्या पावसात आवश्यक ठरली. इंग्रजी शैलीची ही नगररचना स्थानिक हवामानाशी अशी जुळवून घेतलेली होती.

जतनाचा प्रश्न :

छतयुक्त पदपथ खासगी इमारतीचा भाग असतो, पण त्याचा वापर सार्वजनिक असतो. त्यामुळे त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. काळाच्या ओघात मोठमोठ्या पाट्यांनी कमानी झाकल्या गेल्या. १९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतील वास्तूंना श्रेणीनिहाय संरक्षण दिले. परंतु दुकानाची पाटी कोठे व केवढी असावी यासारख्या किरकोळ वाटणाऱ्या बाबींसाठी रस्त्याचा स्वतंत्र विचार आवश्यक होता. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या पुढाकाराने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी असा अभ्यास केला आणि पाट्यांसाठी मार्गदर्शक सूत्रे तयार झाली. दुकानदार व रहिवासी यांचा सहभाग हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेण्यात आली. त्याच वर्षी रेल्वे स्थानकाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. एकीकडे एका भव्य वास्तूचा गौरव, तर दुसरीकडे सामान्य इमारतींच्या रांगेचा. वारशाच्या या दोन दृष्टी परस्परपूरक आहेत.

निष्कर्ष :

१) वास्तूंचे मूल्य केवळ त्यांच्या शिल्पकामात नसून त्यांच्या परस्परसंबंधातही असते.

२) साधा बांधकाम नियमही शंभर वर्षांहून अधिक काळ शहराचे रूप घडवू शकतो.

३) दुकानदार व रहिवासी यांच्या सहभागाविना रस्त्याचे जतन टिकू शकत नाही.

मराठवाड्यातील जुन्या पेठांत रस्त्याकडेचे ओटे, देवड्या आणि लाकडी खांबांच्या ओसऱ्या हेच काम करीत आल्या आहेत. रस्ता रुंदीकरणात सर्वप्रथम त्याच जातात, कारण कोणत्याही यादीत त्यांची नोंद नसते. अशी नोंद करण्याचे काम इतिहास, भूगोल व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेतल्यास, पेठ नाहीशी झाली तरी तिचा पुरावा तरी शिल्लक राहील. आणि वेळेत नोंद झाली, तर कदाचित पेठही राहील.