लंडनमधला मुक्काम : खोलीचा दर आणि खरा खर्च



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. लंडनमध्ये कमी खर्चात राहायचं कसं? बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघेल असं काही वर्षांपूर्वी आम्हालाही वाटलं नसतं. पण आता तो निघतो. कुणाची मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला गेली आहे, कुणाच्या मुलासाठी शिक्षणकर्ज काढलं आहे. अभ्यासक्रम संपतो, पदवीदान समारंभाचं पत्र येतं आणि मुलगी फोनवर म्हणते, "आई, तू यायचंसच." इकडून उत्तर जातं, "नको गं बाई, तिथलं राहणं आपल्याला परवडायचं नाही." तिकिटापुरते पैसे कसेबसे जमलेले असतात. घोडं अडतं ते राहण्यावर.

गेल्या वर्षी आमच्या प्रभाग संघातल्या दोघीजणी मुलांच्या पदवीदानाला जाणार होत्या. आम्ही सहयोगिनी त्यांच्याबरोबर बसलो, मोबाइल उघडला, वही काढली आणि सहा रात्रींचा हिशेब मांडला. दोघी जाऊन आल्या. त्या हिशेबातून आणि त्यांच्या अनुभवातून जे हाती लागलं ते आज सांगतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक गोष्ट पक्की करू. खोलीचा दर म्हणजे मुक्कामाचा खर्च नव्हे. आपण शेळी घेताना नुसती शेळीची किंमत धरत नाही. चारा, औषध, विमा, बाजारात न्यायचं भाडं, सगळं धरतो. इथेही तसंच करायचं. खोली, रोजचा प्रवास, नाश्ता आणि कधीतरी उशीर झाला तर टॅक्सी, अशा चार ओळी वहीत मांडायच्या.

लंडन शहर प्रवासाच्या भाड्यासाठी झोनमध्ये वाटलेलं आहे. मध्यभाग म्हणजे झोन एक, त्याभोवती दोन, मग तीन, असं बाहेर बाहेर जात राहायचं. जितकं लांब राहाल तितकं भुयारी रेल्वेचं भाडं वाढतं. दिवसभरात कितीही फिरलात तरी एका ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत, पण ती रक्कमही झोनप्रमाणे बदलते.

आता उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुम्ही जाल तेव्हाचे बघून घाला. पौंड ११० रुपयांचा धरू.

पहिली खोली लांब, झोन पाचमध्ये. दोघींचा दर रात्रीला ७५ पौंड, नाश्ता नाही. सहा रात्रींचे झाले ४५०. प्रवास माणशी रोज १५ पौंड, दोघींचा सहा दिवसांचा १८०. नाश्ता बाहेर, माणशी ६ पौंड, म्हणजे ७२. एकूण ७०२ पौंड.

दुसरी खोली झोन एक-दोनच्या हद्दीवर. दर १०० पौंड, नाश्त्यासह. सहा रात्रींचे ६००. प्रवास माणशी रोज ९ पौंड, म्हणजे १०८. एकूण ७०८ पौंड.

बघा, दर बघितला तर पहिली खोली सहा रात्रींत १५० पौंडांनी, म्हणजे साडेसोळा हजार रुपयांनी स्वस्त दिसत होती. पूर्ण हिशेबात फरक राहिला ६ पौंडांचा, ६६० रुपयांचा. त्यात लांबून येण्याजाण्यात रोजचे दोन तास गेले आणि एका रात्री टॅक्सी करावी लागली, तर स्वस्त खोलीच महाग पडते. कधी याच्या उलटंही निघेल. लांबच्या खोलीचा दर खूपच कमी असेल तर तीच घ्यावी. पण मांडणी केल्याशिवाय ते कळत नाही.

आता जागा कुठे शोधायची? मुंबईहून जाणारी बरीच विमानं हीथ्रो विमानतळावर उतरतात. तिथून शहरात जायला भुयारी रेल्वेची पिकाडिली लाइन सर्वांत स्वस्त, सुमारे तासभर लागतो. एलिझाबेथ लाइन वेगवान, पण भाडं जास्त. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा-वीस मिनिटांत पॅडिंग्टनला नेते आणि सर्वांत महाग आहे. म्हणून आमच्या दोघींसाठी आम्ही पिकाडिली लाइनवरची स्टेशनं बघितली. अर्ल्स कोर्ट आणि किंग्ज क्रॉस ही दोन्ही त्या लाइनवर आहेत आणि दोन्हीकडे बजेट हॉटेलं भरपूर. बॅगा घेऊन गाडी बदलायची नाही, एकदा बसलं की थेट उतरायचं. पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला हा मोठा आधार आहे.

राहण्याचे प्रकार साधारण चार. पहिला, प्रीमियर इन, ट्रॅव्हलॉज, आयबिस बजेट अशा साखळी हॉटेलांचा. खोल्या एकसारख्या, काय मिळणार ते आधी कळतं. दुसरा, जुन्या घरांची केलेली छोटी हॉटेलं. दर कमी असू शकतो, पण जिने अरुंद आणि लिफ्ट नसण्याची शक्यता मोठी. तिसरा, हॉस्टेल. एका खोलीत चार, सहा किंवा जास्त पलंग. बऱ्याच ठिकाणी फक्त बायकांची खोली मागता येते आणि स्वयंपाकघर वापरायला मिळतं. कपाटासाठी स्वतःचं कुलूप न्यावं. चौथा प्रकार आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी घरी गेले की काही विद्यापीठं आपल्या वसतिगृहांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससुद्धा अशा खोल्या देतं. खोली साधी असते, बाथरूम कधी सामायिक असते, पण जागा शहराच्या मध्यात. समारंभ जुलैत असेल तर हा पर्याय आधी बघा.

"मुलीच्याच खोलीत राहीन की," असं काहीजणी म्हणतात. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत पाहुण्यांनी किती रात्री राहायचं याचे नियम असतात. नियम मोडला तर त्रास मुलीला. तिला आधी लेखी विचारून घ्यायला सांगा. एक-दोन रात्री मिळाल्या तर तेवढा खर्च वाचला.

आता खोली निवडताना दिसणारे शब्द. इथे घोटाळा झाला तर तिथे पोचल्यावर कळतो. 'डबल' म्हणजे दोघींसाठी एकच मोठा पलंग. 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे पलंग. दोघी मैत्रिणी जात असाल तर ट्विन बघा. 'एन-स्वीट' म्हणजे खोलीतच बाथरूम. 'शेअर्ड' म्हणजे सामायिक. 'लोअर ग्राउंड' म्हणजे रस्त्याच्या पातळीखालची, तळघरातली खोली. काही स्वस्त खोल्यांना खिडकीच नसते, तेही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. गुडघे दुखत असतील तर 'लिफ्ट' हा शब्द शोधा आणि सापडला नाही तर नाही असंच समजा.

मग येतो पैसे भरण्याचा प्रश्न. एकाच खोलीचे अनेकदा दोन दर दिसतात. कमी दर म्हणजे आत्ता पैसे भरा, रद्द केलं तर परत नाहीत. थोडा जास्त दर म्हणजे अमुक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येईल. व्हिसा हातात येईपर्यंत कमी दराच्या मागे लागू नका. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी हॉटेलचं बुकिंग जोडावं लागत नाही आणि व्हिसा मिळण्याआधी राहण्याचे पैसे भरू नका असाच तिथल्या सरकारचा सल्ला आहे. पॅरिस, बर्लिन, रोम अशा शेंगेन देशांच्या राजधानीला जायचं तर नियम निराळा. तिथे अर्जासोबत राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमाही. त्यासाठी रद्द करता येणारं बुकिंग करावं. कोणी एजंट 'लंडनलाही बुकिंग लागतंच, आत्ता पैसे भरा' म्हणाला तर त्याला नियम दाखवायला सांगा.

रद्द करायची शेवटची तारीख वहीत लाल शाईने लिहा. वेळही लिहा, कारण ती लंडनची असते. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच.

हॉटेलात कार्ड दिल्यावर मशीन कधी विचारतं, पैसे रुपयांत घेऊ की पौंडांत? पौंड निवडा. रुपये निवडले तर दर मशीनवाला ठरवतो आणि तो सहसा आपल्याला महाग पडतो. आपल्या बँकेला जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. कार्ड परदेशात चालू केलं आहे का, आणि प्रत्येक व्यवहारावर जादा आकार किती. काही हॉटेलं अनामत म्हणून कार्डावरची थोडी रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला काही दिवस लागतात. म्हणून खात्यात अगदी मोजके पैसे ठेवून जाऊ नका.

ब्रिटनमध्ये ग्राहकाला दाखवलेल्या खोलीच्या दरात व्हॅट धरलेला असतो. पण पॅरिस, रोम, बर्लिन, ॲमस्टरडॅम या राजधान्यांत शहराचा वेगळा कर लागतो. ॲमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के आहे. तिकडे जाणारीने वहीत ही पाचवी ओळ घालावी.

लंडनमधल्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचं किंवा ऑयस्टर कार्ड घ्यायचं. दोघींना एक कार्ड चालत नाही, प्रत्येकीचं वेगळं हवं. बस रेल्वेपेक्षा बरीच स्वस्त आहे आणि एकदा टेकवल्यावर तासाभरात दुसऱ्या बसचे पैसे पडत नाहीत. घाई नसेल तेव्हा बसच बरी. वरच्या मजल्यावरून शहरही दिसतं.

जेवणाचं सांगायचं तर बजेट हॉटेलांच्या खोलीत पाणी उकळायची किटली बहुधा असते. उपमा-पोह्याची पाकिटं, चिवडा, चटणी सोबत असली की एक वेळ भागते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. युस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी खाणावळी आहेत, साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात लंगर मिळतो. तिथल्या प्लगची तीन भोकं चौकोनी असतात, तसा अडॅप्टर इथूनच न्या. आणि एक छोटा मग न्या. का ते सांगायला नको.

खोली बहुधा दुपारी दोन-तीननंतर मिळते. विमान सकाळी उतरलं तर बॅगा हॉटेलात ठेवून बाहेर पडता येतं का, ते आधी ईमेलने विचारा. हा ईमेल मुलांकडून लिहून घ्या, पण पाठवा तुमच्या नावाने. उत्तराचं कागदावर प्रिंट काढून पासपोर्टसोबत ठेवा.

एक दिवस मोकळा ठेवा. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी इथली नेहमीची दालनं बघायला पैसे पडत नाहीत. आणि नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये शिकताना बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. आमच्या दोघी तिथे गेल्या. त्यातली एक म्हणाली, "शिकायला आलेल्या पोराला राहायची खोली शोधावी लागते, ते तेव्हाही चुकलं नव्हतं."

आता शेवटचा हिशेब. वरच्या उदाहरणातले ७०८ पौंड म्हणजे ७७,८८० रुपये. एकीच्या वाट्याला ३८,९४०. ही रक्कम लहान नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण मूल शिकायला निघतं त्या दिवसापासून पदवीदानापर्यंत साधारण दीड वर्ष मिळतं. मूल निघालं त्याच महिन्यात बँकेत आवर्त ठेव सुरू केली, तर महिन्याला सुमारे २,१६५ रुपये पडतात. गटाच्या अंतर्गत कर्जातून सगळी रक्कम काढण्यापेक्षा ही वाट आम्हाला बरी वाटते, कारण परत आल्यावर डोक्यावर हप्ता राहत नाही. पैसे थोडे कमी पडले तर तेवढ्यापुरतं कर्ज, तेही परतफेड ठरवून.

मुलीला शिकवायला तुम्ही कोंबड्या विकल्यात, शिवणाची मशीन रात्री चालवलीत. ती गाऊन घालून मंचावर जाईल तेव्हा समोरच्या खुर्चीत कोण असावं, हे नुसत्या खोलीच्या दरावर ठरू देऊ नका. आधी वहीत चार ओळी मांडा. परवडत नाही असं निघालं तर तेही हिशेबाने कळेल आणि मन खात राहणार नाही.

तुमचे प्रश्न गटाच्या पुढच्या बैठकीत सहयोगिनीकडे लिहून द्या, त्यांची उत्तरं पुढच्या भागात देऊ.