जरावैद्यक शिक्षणसाधने
वृद्धांवर उपचार करणाऱ्या वैद्यांना त्या कार्यास आवश्यक असे विशेष ज्ञान देणारे ग्रंथ, निकष व मूल्यमापनपद्धती. वार्धक्यात रोगाची नेहमीची लक्षणे पुष्कळदा आढळत नाहीत, उदा., फुप्फुसदाहात ज्वर न येता केवळ मतिभ्रम होऊ शकतो. म्हणून अशा स्वतंत्र शिक्षणाची गरज भासते.

इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत या शाखेस ‘जेरिॲट्रिक्स’ ही संज्ञा दिली व १९१४ मध्ये तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये मार्जरी वॉरन यांनी १९३५ पासून अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची पद्धतशीर तपासणी करून त्यांपैकी अनेकांना हिंडतेफिरते केले. रोगाबरोबरच स्मृती, हालचाल, औषधे व कौटुंबिक आधार यांचाही विचार करणारे समग्र मूल्यमापन या कार्यातूनच विकसित झाले.

औषधयोजनेसाठी ‘बीअर्स निकष’ (१९९१) महत्त्वाचे आहेत. वार्धक्यात शरीरातील मेदाचे प्रमाण वाढते. त्यामुळे डायझेपाम दीर्घकाळ शरीरात राहते व तोल जाऊन अस्थिभंगाचा धोका संभवतो. अशी औषधे शक्यतो टाळावीत, असे हे निकष सुचवितात. त्यांची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. भारतात मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने १९९६ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. साधने कोणतीही असोत, ‘वयामुळे असे होणारच’ असे मानून उपचारक्षम विकाराकडे दुर्लक्ष होऊ न देणे, हेच त्यांचे मुख्य प्रयोजन होय.